अमेरिकेतली जुनी हॉस्पिटलं कशी बघायची आणि त्यांच्या जन्माची गोष्ट कशी शोधायची

उन्हाळ्यात आईबाबा अमेरिकेला येतात, नायगारा होतो, स्वातंत्र्यदेवी होते, व्हाइट हाउससमोर फोटो होतात आणि मग पुढच्या शनिवारी कुठे न्यायचं हा प्रश्न येतोच. माझं सरळ म्हणणं आहे, एखादं जुनं हॉस्पिटल दाखवा. मेयो, जॉन्स हॉपकिन्स ही नावं आपल्याकडे सगळ्यांनी ऐकलेली असतात, पण ती उभी कशी राहिली, पैसा कुणी दिला आणि कुणासाठी दिला हे फार कमी लोकांना माहीत असतं, आणि ते तिथं जाऊन अजूनही बघता येतं, बहुतेक ठिकाणी अगदी थोड्या खर्चात नाहीतर फुकटात.

जायच्या आधी एक करा, डोक्यातलं आजचं हॉस्पिटल बाजूला ठेवा. दोनशे वर्षांपूर्वी पैसेवाला माणूस हॉस्पिटलात जायचाच नाही, डॉक्टर घरी यायचा, बाळंतपण घरी, ऑपरेशनसुद्धा घरीच. हॉस्पिटल म्हणजे गरिबांसाठी, बंदरावर उतरलेल्या खलाशांसाठी, ज्यांचं करायला घरात कुणी नाही अशांसाठी. न्यूयॉर्कचं बेलव्ह्यू हे देशातलं सगळ्यात जुनं सरकारी हॉस्पिटल मानतात, त्याची सुरुवात १७३६ मध्ये गरिबांना ठेवायच्या आश्रयघरात सहा खाटांनी झाली. हे लक्षात ठेवलं की मग कुठंही गेलात तरी तीन गोष्टी विचारायच्या: पैसा कुणाचा, दार कुणाला उघडं होतं आणि बाहेर कोण राहिलं. पहिल्या दोनांची उत्तरं भिंतीवरच्या पाटीवर मिळतात. तिसऱ्याचं बहुतेक वेळा मिळत नाही, ते आपण खणून काढायचं, आणि खरी गोष्ट तिथंच असते.

सुरुवात फिलाडेल्फियापासून करा. न्यूजर्सीत राहणाऱ्या मराठी मंडळींना तर ते सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायच्या अंतरावर आहे. पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटल, आठव्या रस्त्यावर स्प्रूस आणि पाइन या दोन रस्त्यांच्या मधे. स्थापना १७५१ ची, म्हणजे अमेरिका हा देश व्हायच्या २५ वर्षं आधीची. कल्पना डॉ. थॉमस बाँड यांची, पण ते वर्गणी मागायला जायचे तिथं लोक विचारायचे की फ्रँकलिनला विचारलंत का, तो काय म्हणतो? शेवटी बाँड बेंजामिन फ्रँकलिनकडे गेले. आता फ्रँकलिनने काय केलं ते नीट बघा. प्रांताच्या असेंब्लीतले गावाकडचे सभासद म्हणत होते की याचा फायदा फक्त शहराला, आम्ही पैसे का द्यायचे. तर त्याने ठराव असा लिहिला की लोकांनी आधी २००० पौंड वर्गणी जमवून दाखवली तरच सरकारने आणखी २००० द्यायचे. विरोध करणाऱ्यांना वाटलं एवढी रक्कम कसली जमतेय, हो म्हणून टाकू, फुकटचं पुण्य मिळेल. आणि इकडे फ्रँकलिन दारोदार सांगायला मोकळा की बघा, तुमचा एक पौंड म्हणजे दोन पौंड होणार. पैसे जमले, सरकारला द्यावेच लागले. आज अमेरिकन कंपन्या कर्मचाऱ्याच्या देणगीएवढी भर स्वतः घालतात, ऑफिसच्या पोर्टलवर तुम्हीसुद्धा तो फॉर्म भरला असेल, त्या पद्धतीचं हे फार जुनं उदाहरण.

तिथं जाऊन बघायचं काय, तर पाइन रस्त्याच्या बाजूची जुनी इमारत. नव्या इमारतींच्या बाजूने गेलात तर ती चटकन दिसतच नाही. कोनशिला १७५५ ची, तिच्यावरचा मजकूर फ्रँकलिनने स्वतः लिहिलेला, सरकार आणि अनेक खासगी लोकांच्या औदार्यातून आजारी आणि दुःखी माणसांसाठी ही वास्तू उभारली अशा अर्थाचा. जुनं ग्रंथालय आहे, आणि वरच्या मजल्यावर १८०४ चं गोलाकार ऑपरेशन थिएटर. इथं जरा वेळ थांबा. मधे टेबल, भोवती चढत्या रांगा विद्यार्थ्यांसाठी, वर छताला काचेची खिडकी. दिवे नव्हतेच, त्यामुळे ऑपरेशन दुपारच्या स्वच्छ उन्हातच व्हायची, आणि भूल नव्हती, पेशंटला दारू नाहीतर अफू देऊन माणसांनी धरून ठेवायचं. आपण आज ज्याला साधं ऑपरेशन म्हणतो ते तेव्हा काय होतं हे त्या खोलीत उभं राहिल्याशिवाय कळत नाही. बघायच्या वेळा आधी वेबसाइटवर तपासा, हॉस्पिटल चालू आहे त्यामुळे वाटेल तेव्हा आत सोडतील असं धरून चालू नका.

आता तिसरा प्रश्न, बाहेर कोण राहिलं. याच पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलात नोव्हेंबर १८६९ मध्ये बायकांच्या मेडिकल कॉलेजच्या विद्यार्थिनी पहिल्यांदा पेशंट बघत शिकायच्या तासाला आल्या, तर पुरुष विद्यार्थ्यांनी आरडाओरडा केला, हुर्यो केली, कागदाचे बोळे मारले, त्यांच्या कपड्यांवर तंबाखू थुंकले. या मुली ज्या कॉलेजच्या, ते वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया, स्थापना १८५०. नाव ओळखीचं वाटतंय ना? कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये इथंच आल्या आणि ११ मार्च १८८६ ला इथूनच एमडी झाल्या. आपण शाळेत त्यांचा धडा वाचतो, कौतुक करतो, पण त्या आल्या त्याच्या १४ वर्षं आधी त्याच शहरात त्याच कॉलेजच्या मुलींवर लोक थुंकत होते हे कुणी सांगत नाही. शहरातल्या हॉस्पिटलांची दारं बंद म्हणून डॉ. अ‍ॅन प्रेस्टन आणि त्यांच्या सोबतच्या बायकांनी १८६१ मध्ये स्वतःचं वुमन्स हॉस्पिटल काढलं होतं, विद्यार्थिनींना पेशंट बघायला मिळावेत म्हणून. ही जन्मकथा मला फ्रँकलिनच्या कथेपेक्षा मोठी वाटते. या कॉलेजची कागदपत्रं आता ड्रेक्सेल युनिव्हर्सिटीच्या संग्रहात आहेत, आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली यांचा १८८५ चा तो प्रसिद्ध फोटोसुद्धा, आणि बरंचसं ऑनलाइन बघता येतं. गाडी असेल तर वेगळा दिवस काढून न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीला जा, आनंदीबाईंच्या अस्थी तिथल्या रूरल सेमेटरीत, त्यांना अमेरिकेत घरी ठेवून घेणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आहेत, त्यांच्या नावाचा दगड आहे.

फिलाडेल्फियाहून बाल्टिमोर ट्रेनने साधारण सव्वा तास. जॉन्स हॉपकिन्स हा डॉक्टर नव्हता, व्यापारी होता, रेल्वेत पैसा गुंतवलेला, मूलबाळ नाही. १८७३ मध्ये गेला तेव्हा ७० लाख डॉलर मागे ठेवले, अर्धे युनिव्हर्सिटीला, अर्धे हॉस्पिटलला. विश्वस्तांना लिहिलेल्या पत्रात त्याने स्पष्ट सांगितलं होतं की शहरातल्या गरीब आजाऱ्यांना लिंग, वय, रंग न बघता घ्यायचं. हॉस्पिटल उघडलं १८८९ मध्ये. मेडिकल कॉलेज मात्र रखडलं, कारण युनिव्हर्सिटीचा पैसा ज्या रेल्वेच्या शेअर्समध्ये होता ते पडले. मग मेरी एलिझाबेथ गॅरेट पुढे आल्या, त्याच रेल्वेच्या अध्यक्षाची मुलगी. त्यांनी आणि मैत्रिणींनी पाच लाख डॉलरची सोय केली, त्यातले तीन लाखांहून जास्त एकट्या गॅरेट यांचे, आणि अट घातली: मुलींना मुलांच्याच बरोबरीने प्रवेश. विश्वस्तांना ते फारसं रुचलं नव्हतं पण पैसा हवा होता, त्यामुळे १८९३ मध्ये कॉलेज उघडलं ते पहिल्या वर्गापासून मुलींना घेऊनच. देणगी कशी द्यावी हे शिकायचं तर या बाईंकडून.

बघायला जुनी घुमटाची इमारत आहे, बिलिंग्ज बिल्डिंग. आत गेल्याबरोबर साडेदहा फुटी संगमरवरी ख्रिस्त, हात पसरून उभा, १८९६ मध्ये बसवलेला. ऑपरेशनला चाललेले लोक, त्यांचे नातेवाईक, कामावर जाणारे कर्मचारी येताजाता त्याच्या पायाच्या अंगठ्याला हात लावतात, पायाशी फुलं आणि चिठ्ठ्या ठेवलेल्या असतात. धर्म कुठलाही असो, लोक करतात. एक विनंती, तिथं कुणी उभं असेल तर फोटो काढू नका आणि चिठ्ठ्या वाचू नका.

आणि इथंही तिसरा प्रश्न विचारा. रंग न बघता घ्या असं मालकाने लिहून ठेवलं, तरी वॉर्ड मात्र पुढे कित्येक वर्षं वेगळे होते. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स इथं कॅन्सरच्या उपचाराला आल्या तेव्हा त्यांना कृष्णवर्णीयांच्या वॉर्डातच ठेवलं होतं, आणि त्यांच्या पेशी त्यांना न विचारता घेतल्या गेल्या, ज्या आजही जगभरच्या लॅबमध्ये वाढवल्या जातात. शिवाय हॉपकिन्स स्वतः गुलामगिरीच्या विरोधात होता अशी गोष्ट शंभर वर्षं सांगितली जायची, पण २०२० मध्ये युनिव्हर्सिटीनेच जाहीर केलं की १८४० आणि १८५० च्या जनगणनेत त्याच्या घरात गुलाम असल्याची नोंद सापडली आहे. म्हणून सांगतो, कुठल्याही संस्थेच्या जन्माची गोष्ट वाचताना ती कधी लिहिली गेली आणि कुणी लिहिली हे आधी बघा, जुनं स्मरणिकेतलं आणि आजचं शेजारी ठेवून वाचा.

बॉस्टनला जात असाल तर मॅसॅच्युसेट्स जनरल. सबवेच्या रेड लाइनवर चार्ल्स एमजीएच स्टेशनला उतरलं की समोरच. सनद १८११ ची, पेशंट घ्यायला सुरुवात १८२१ ला. बुलफिंच बिल्डिंगच्या वर ईथर डोम आहे. १६ ऑक्टोबर १८४६ ला याच खोलीत विल्यम मॉर्टन या डेंटिस्टने गिल्बर्ट अ‍ॅबट नावाच्या पेशंटला ईथर हे भुलीचं औषध हुंगवलं आणि जॉन कॉलिन्स वॉरन या सर्जनने त्याच्या मानेची गाठ काढली, पेशंट ओरडला नाही. फिलाडेल्फियाची ती खोली आधी बघितली असेल तर इथं उभं राहिल्यावर अंगावर काटा येतो, म्हणून मी हाच क्रम सांगतो. जॉर्जियात क्रॉफर्ड लाँग या डॉक्टरने १८४२ मध्येच ईथर वापरलं होतं पण छापलं नव्हतं, त्यामुळे मान बॉस्टनला गेला. डोममध्ये एक इजिप्तची ममीसुद्धा आहे, १८२३ पासून. खोलीत अजून लेक्चर्स होतात, तशी असली तर आत जाता येत नाही, त्यामुळे आधी चौकशी करा. केंब्रिज स्ट्रीटवर त्यांचं छोटं म्युझियम आहे, ते आधी बघा म्हणजे वर काय बघायचं ते कळतं.

मेयोसाठी मिनेसोटातल्या रॉचेस्टरला जावं लागतं, मिनियापोलिसहून गाडीने दीड तास. २१ ऑगस्ट १८८३ ला इथं टॉर्नेडो आला, गावाचा उत्तरेकडचा भाग उद्ध्वस्त झाला, आणि गावात हॉस्पिटलच नव्हतं, जखमींना हॉटेलात, डान्स हॉलमध्ये, मिळेल तिथं झोपवलं. डॉ. विल्यम वॉरल मेयो उपचार करत होते आणि फ्रान्सिस्कन नन्स मदतीला आल्या, ज्या खरं तर शाळेत शिकवणाऱ्या. नंतर मदर आल्फ्रेड मोझ डॉक्टरांना म्हणाल्या की आम्ही हॉस्पिटल बांधतो, तुम्ही चालवा. डॉक्टर म्हणाले गाव लहान आहे, खर्च झेपणार नाही. त्यांनी ऐकलं नाही, पै पै साठवून सहा वर्षांनी, १८८९ मध्ये २७ खाटांचं सेंट मेरीज उघडलं. म्हणजे मेयोचं नाव जगात डॉक्टर बापलेकांमुळे झालं हे खरंच, पण घर बांधून दिलं ते या बायकांनी. घरात कुणी डॉक्टर असेल तर विचारा, पोटाच्या कॅन्सरमध्ये बेंबीजवळ जी गाठ लागते तिला सिस्टर मेरी जोसेफचं नाव आहे, त्या इथल्याच नन, म्हाताऱ्या मेयोंचे चिरंजीव डॉ. विल मेयो यांना ऑपरेशनमध्ये मदत करायच्या, पेशंटचं पोट धुताना त्यांच्या हाताला ती गाठ लागायची.

रॉचेस्टरला १९२८ ची प्लमर बिल्डिंग बघा, तिचे ब्राँझचे प्रचंड दरवाजे एरवी सताड उघडे असतात, फक्त एखाद्या मोठ्या प्रसंगी बंद करतात. ज्या डॉ. हेन्री प्लमर यांचं नाव तिला आहे त्यांनी १९०७ मध्ये प्रत्येक पेशंटला एक नंबर आणि सगळ्या डॉक्टरांची मिळून एकच फाइल ही पद्धत सुरू केली, त्याआधी प्रत्येक डॉक्टर आपापल्या वहीत लिहायचा. थंडीत गेलात तरी हरकत नाही, भुयारी वाटा आणि काचेचे पूल आहेत.

बाकीची थोडक्यात सांगतो. न्यूयॉर्कचं माउंट सायनाय १८५२ मध्ये ज्यूज हॉस्पिटल म्हणून स्थापन झालं. शिकागोचं प्रॉव्हिडंट, १८९१, डॉ. डॅनिएल हेल विल्यम्स यांनी काढलं, कारण एमा रेनॉल्ड्स या कृष्णवर्णीय मुलीला एकही नर्सिंग स्कूल घेईना. मेम्फिसचं सेंट ज्यूड १९६२ मध्ये डॅनी थॉमस या नटाच्या नवसातून उभं राहिलं, तिथं मुलांच्या आईबापांना बिलच देत नाहीत. क्लीव्हलँड क्लिनिक १९२१ चं, चार डॉक्टरांचं, आणि १९२९ मध्ये तिथल्या एक्सरे फिल्म पेटून विषारी वायूने १२३ माणसं गेली, संस्थापकांपैकी एक त्यात होते, तरी संस्था परत उभी राहिली.

प्रवास जमत नसेल तर घरबसल्या हॉस्पिटलांचे जुने वार्षिक अहवाल वाचा, बरेच स्कॅन होऊन फुकट ऑनलाइन आहेत. हॉस्पिटलचं नाव, शहर आणि अ‍ॅन्युअल रिपोर्ट एवढं टाकून शोधा. भाषणं सोडून द्या, थेट तक्त्यांवर जा: पेशंट कुठल्या देशातून आलेले, धंदा काय, किती बरे होऊन गेले, वर्षाला कोळशावर किती खर्च झाला. देणग्यांच्या यादीत पैशाइतकेच जुने कपडे, जुन्या चादरी, भाजीपाला दिसतो. आणखी काही हवं असेल तर संग्रह सांभाळणाऱ्यांना ईमेल करा, वर्ष आणि नेमका प्रश्न लिहा, कारण मोघम विचारलं तर उत्तरही मोघम येतं. फक्त पेशंटच्या नावाच्या नोंदी मागू नका, त्या खासगी असतात आणि सहसा दाखवत नाहीत.