रीब्रीदर घेताना मी उलट्या टोकाने सुरुवात केली

रीब्रीदर, म्हणजे सोडलेला श्वास पुन्हा वापरणारं डायव्हिंगचं यंत्र, घ्यायचं ठरलं तेव्हा मी दोन महिने माहितीपत्रकं चाळत होते. कुणाचा स्क्रबर (कार्बन डायऑक्साइड शोषणारा डबा) किती तास टिकतो, कुणाचं वजन कमी, कुणाचा स्क्रीन मोठा. शेवटी एक सेकंडहँड यंत्र चांगल्या भावात मिळालं, ते उचललं, आणि मग त्या मॉडेलचा प्रशिक्षक शोधत फिरले. हे प्रशिक्षण त्या त्या यंत्रापुरतंच असतं. एकावर शिकलात म्हणून दुसरं पाठीला लावता येत नाही. आता कुणी सल्ला मागितला की मी आधी विचारते: शिकवणार कोण, आणि तुझ्यासोबत पाण्यात उतरणारे काय वापरतात?

मुळात गरज आहे का, तेही पाहा. ४० मीटरवर दाब ५ बार असतो. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर श्वास घेणारा माणूस तिथे साध्या सेटमधून १०० लिटर गॅस बुडबुड्यांत घालवतो. शरीर मात्र खोली कितीही असो, मिनिटाला साधारण लिटरभरच ऑक्सिजन जाळतं. रीब्रीदर सोडलेला श्वास पुन्हा फिरवतो, स्क्रबरमधले सोडा लाइमचे दाणे त्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात आणि जळाला तेवढाच ऑक्सिजन वर घातला जातो. म्हणून दोन-तीन लिटरच्या सिलिंडरवर तासन्‌तास निघतात. खोल डायव्हच्या मिश्रणातल्या महागड्या हेलियमचं बिल भरणाऱ्याला हे लगेच पटतं. वर्षातून दहा-बारा डायव्ह, तेही ३० मीटरच्या आत, एवढाच बेत असेल तर माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका. हात बसायला यंत्र सतत वापरात लागतं.

ऑक्सिजन कोण सोडणार यावरून मात्र दोन तट आहेत. इलेक्ट्रॉनिक यंत्रात सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह, ठरवलेला सेटपॉइंट (ऑक्सिजनचा दाब) राखतो. मॅन्युअलमध्ये बारीक छिद्रातून ठरावीक ऑक्सिजन झिरपत राहतो, उरलेला आपण बटण दाबून द्यायचा. मॅन्युअलवाले म्हणतात, त्यामुळे डोळा आकडे दाखवणाऱ्या हँडसेटवरून हलत नाही. त्यात तथ्य आहे. पण छिद्रामागचा दाब ठरलेला असल्याने एका खोलीनंतर तो प्रवाह मंदावतो, हेही त्यांनी सांगायला हवं.

मी इलेक्ट्रॉनिक घेतला होता, आणि त्याच्यावर विसंबले होते. आत ऑक्सिजन मोजणारे तीन सेल होते. जमिनीवर तिघेही झकास: हवेत १० मिलीव्होल्ट, शुद्ध ऑक्सिजनमध्ये ४८ च्या आसपास, हिशेबाप्रमाणे. पहिल्याच सरावात प्रशिक्षकांनी ६ मीटरवर लूप (श्वास फिरतो तो बंद मार्ग) ऑक्सिजनने धुवायला लावला. तिथे ऑक्सिजनच्या दाबाचा आकडा १.६ बारच्या जवळ जायला हवा. एक सेल १.५५ वर गेला. दोन १.२२ वर जाऊन अडकले. प्रशिक्षकांनी माझ्या हँडसेटवर बोट टेकवलं आणि अंगठा वर केला, म्हणजे वर चला. डायव्ह संपला.

बाहेर आल्यावर सेलवरच्या तारखा पाहिल्या. तिन्ही एकाच महिन्यातले, म्हातारे. असा थकलेला सेल एका मर्यादेपुढे आकडा वाढवतच नाही. माझं यंत्र जुळणाऱ्या दोघांचं खरं धरून तिसऱ्याला बाजूला टाकणारं. म्हणजे खोलवर १.३ सेटपॉइंट लावला असता, तर ते दोघे १.२२ वर अडून बसले असते, सोलेनॉइड ऑक्सिजन ओततच राहिला असता आणि खरं बोलणाऱ्या एकट्याला कुणी विचारलं नसतं. १.६ च्या वर झटक्यांचा धोका असतो, आणि पाण्यात झटका आला की तोंडातला माउथपीस सुटतो. तेव्हापासून मी तिन्ही सेल एकदम बदलत नाही आणि एका खेपेचे घेत नाही. वापरलेलं यंत्र पाहायला गेलात तर आधी सेलची तारीख वाचा, रंग-रूप नंतर.

स्क्रबरच्या तासांची तुलना करताना चाचणी कशी झाली तेही बघा. ईएन १४१४३ या युरोपीय मानकात ४ अंशांच्या गार पाण्यात, मिनिटाला १.६ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडून मोजतात. कोमट पाण्यात निवांत तरंगून काढलेला आकडा त्याच्याशेजारी ठेवण्यात अर्थ नाही. शिवाय भरणं आपल्याच हातात. दाणे थोडे थोडे ओतायचे, कॅनिस्टरला बाजूने टिचक्या मारत बसवायचे. सैल राहिलं तर गॅस सोपी वाट धरतो आणि न शोषताच पुढे निघून जातो. मग धाप लागते, डोकं ठणकतं, आणि त्या अवस्थेत तोंडातलं काढून दुसरं रेग्युलेटर लावायचं म्हणजे जिवावर येतं. त्यासाठी तोंडाशीच बेलआउट व्हॉल्व्ह हवा, एका खटक्यात साध्या गॅसवर नेणारा. यावर पैसे वाचवू नका.

काउंटरलंग, म्हणजे सोडलेला श्वास झेलणाऱ्या पिशव्या, पाठीवर असाव्यात की खांद्यावरून पुढे, यावर लोक तासभर भांडतात. घालून, पाण्यात आडवं होऊन श्वास घेऊन बघा; कुठे जड जातो ते पाच मिनिटांत कळतं.

आणि पैसे देण्याआधी तेच मॉडेल वापरणाऱ्या कुणाला तरी गाठा. दिवसभराचे डायव्ह संपल्यावर, तुम्हीही दमलेले असताना, त्यांचं यंत्र उघडून धुवायला मागा: नळ्या, माउथपीस, काउंटरलंग, सगळं. मग ओ-रिंगा (सांधे घट्ट बंद ठेवणारी रबरी कडी) पुसून पुन्हा जोडा आणि लूपमधली हवा ओढून नकारात्मक दाबाची चाचणी करा; कुठे गळतं का ते कळतं. माझी पहिल्या वेळी तीनदा फसली होती. ओ-रिंगवर एक केस होता.