बीटा एचसीजीच्या दोन्ही तपासण्या एकाच लॅबमध्ये करा

आयव्हीएफमध्ये (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात) गर्भ गर्भाशयात सोडल्यानंतर (ट्रान्सफर) दिवस राहिले का हे सांगणाऱ्या बीटा एचसीजी या रक्ततपासणीचा पहिला रिपोर्ट एका लॅबचा आणि दुसरा भलत्याच लॅबचा असला, की आकड्यांचा मेळ लागत नाही आणि जिवाला उगाच घोर लागतो. लॅब बदलली की मशीन आणि किटही बदलू शकतं.

१. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला (ट्रान्सफरनंतर साधारण ९ ते १४ दिवसांनी) पहिलं रक्त द्या. रक्त घेतल्याची वेळ रिपोर्टवरच पेनाने लिहून ठेवा. उपाशी राहायची गरज नाही.

२. दुसरं रक्त त्याच लॅबमध्ये, ४८ तासांनी. मधे रविवार किंवा सण येतोय का, हे पहिल्याच दिवशी काउंटरवर विचारून घ्या.

३. केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तसं सांगा. काही मशीनवर त्यामुळे आकडा चुकतो.

आकडा दुप्पटच व्हायला हवा असं काही नाही. पहिला आकडा १५०० च्या आत असेल, तर ४८ तासांत किमान ४९ टक्के वाढ अपेक्षित धरतात. मैत्रिणीच्या रिपोर्टशी तुलना तर नकोच.

घरच्या प्रेग्नन्सी टेस्टच्या पट्टीवर एकच रेघ (म्हणजे निगेटिव्ह) दिसली म्हणून प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकावा म्हणून दिलेलं हार्मोनचं औषध) मात्र स्वतःहून बंद करू नका. ते रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरच ठरवतील.