बॅंकॉकमध्ये क्लायंटचं जेवण आणि गिफ्ट, नवीन येणाऱ्यांसाठी थोडंसं

बॅंकॉकला पोस्टिंग मिळालं की पहिल्या एक-दोन भेटीत धंद्याचं काही ठरेल ही अपेक्षा ठेवूच नका, नुसती जेवणं होतात आणि तेवढ्यात थाई क्लायंट तुम्हाला नीट जोखून घेतात.

टेबलावर सगळ्यात सीनियर कोण ते आधी ओळखा. ऑर्डर सहसा तोच देतो, बिल तो किंवा ज्याने बोलावलंय तो देतो, त्यामुळे आपलं टीटीएमएम तिथे काढायचं नाही, त्यांना ते फार विचित्र वाटतं. पदार्थ सगळे मध्ये ठेवतात, एकावेळी एकाच पदार्थाचे एक-दोन चमचे वाढून घ्यायचे. उजव्या हातात चमचा, डाव्यात काटा, काट्याने घास चमच्यावर ढकलायचा, काटा तोंडात नाही घालायचा. चॉपस्टिक फक्त नूडल्सला, आणि चिकट भात असेल तर बिनधास्त हाताने.

शाकाहारी लोकांची खरी पंचाईत. नुसतं व्हेज सांगून भागत नाही, कारण भाजीतही नाम प्ला म्हणजे माशाचा सॉस पडतोच. 'जे' हा थाई शब्द सांगा, त्या जेवणात मांस, मासे, अंडी, दूध तर नाहीच, कांदा-लसूणही नसतो, आपल्या जैन मित्रांचंही बरंचसं भागतं. पण हे आदल्या दिवशीच ऑफिसात कळवा, ऐन टेबलावर सांगितलं की यजमान बिचारा ओशाळतो आणि तोंडाने काही बोलणारही नाही.

आता गिफ्ट. लहानच असू दे, उजव्या हाताने किंवा दोन्ही हातांनी द्या. ते समोर उघडत नाहीत, "उघडा ना" असा आग्रह करू नका. काळा-पांढरा कागद नको, सुरी-कात्री नको. कोल्हापुरी चप्पल कितीही भारी असली तरी माझ्या मते नकोच, पायाला तिथे सगळ्यात खालचं मानतात, पैठणीचा स्टोल बेस्ट. गणपतीची मूर्तीही चालते, तिथे त्याला फ्रा फिक्कनेत म्हणून पुजतात, बॅंकॉकच्या हुआय ख्वांग भागात त्याचं मोठं देऊळच आहे, फक्त की-चेन वगैरे प्रकार देऊ नका. सरकारी अधिकारी असेल तर 3,000 बाटच्या वरची वस्तू त्याला घेताच येत नाही, त्यामुळे उगाच महागडं देऊन त्याला अडचणीत आणू नका.

डिसेंबरात न्यू इयरच्या गिफ्ट बास्केट सगळीकडे फिरतात, तुमची महिन्याच्या मध्यापर्यंत पोचू दे, नंतर लोक सुट्टीवर जातात. आणि कार्डावर आडनाव नको, 'खुन' (थाईत श्री किंवा श्रीमतीसारखं) आणि पुढे पहिलं नाव, मग तो एमडी का असेना.