देशाची ऊर्जा एका कागदावर: सँकी आकृती कशी काढायची

मी चिपळूणला विज्ञान शिकवते. वीज कुठून येते असं विचारलं की मुलं पोफळी, जयगड, अंजनवेल अशी इथल्या वीजकेंद्रांची नावं धडाधड सांगतात. पण किती ऊर्जा आत जाते आणि त्यातली किती हाती लागते, ते नावांवरून कळत नाही. त्यासाठी सँकी आकृती हवी, म्हणजे ऊर्जेचा प्रवाह पट्ट्यांनी दाखवणारं चित्र. कॅप्टन सँकी यांनी 1898 साली वाफेच्या इंजिनासाठी ती काढली. तिचा नियम एकच: पट्ट्याची रुंदी ऊर्जेच्या प्रमाणात.

सुरुवातीलाच देशाला हात घालू नका. जयगडचं औष्णिक केंद्र घ्या. क्षमता 1200 मेगावॅट, म्हणजे पूर्ण भाराने चाललं तर तासाला 12 लाख युनिट. एका युनिटचे 3.6 मेगाज्यूल, तेव्हा झाले 4320 गिगाज्यूल. कार्यक्षमता 36 टक्के धरली तर तेवढ्यासाठी 12,000 गिगाज्यूलचा कोळसा जाळावा लागेल. आलेखाच्या कागदावर 100 गिगाज्यूलला 1 मिलिमीटर असं प्रमाण घ्या. डावीकडून 120 मिलिमीटरचा कोळशाचा पट्टा येईल, 43 मिलिमीटर वीज सरळ पुढे जाईल आणि उरलेले 77 मिलिमीटर उष्णता होऊन खाली वळतील. ही उष्णता कंडेन्सर (वाफेचं पुन्हा पाणी करणारं यंत्र) आणि धुराड्यातून बाहेर पडते. तिचा पट्टा अंग चोरून कोपऱ्यात बसवू नका, पूर्ण रुंदीने काढा. आकृतीतली सगळ्यात महत्त्वाची माहिती तीच आहे.

आता देश. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय दरवर्षी ‘एनर्जी स्टॅटिस्टिक्स इंडिया’ काढतं, त्यातला ऊर्जा ताळेबंद उघडा. 2023-24 चा एकूण प्राथमिक पुरवठा (रूपांतर होण्याआधीची ऊर्जा) सुमारे 903 एमटीओई, म्हणजे 903 दशलक्ष टन तेलाइतकी ऊर्जा. 5 एमटीओईला 1 मिलिमीटर धरलात की सगळा देश 180 मिलिमीटरमध्ये मावतो. डावीकडे देशातलं उत्पादन आणि आयात, मध्ये वीजकेंद्रं आणि तेलशुद्धीकरण, उजवीकडे उद्योग, वाहतूक, घरं, शेती. कच्च्या तेलात आयातीचा वाटा 85 टक्क्यांहून जास्त आहे. त्यातलं काही पेट्रोल-डिझेल होऊन पुन्हा निर्यात होतं, म्हणून शुद्धीकरणातून एक पट्टा देशाबाहेरही न्या. वीज डाव्या कडेला मूळ स्रोत म्हणून मांडू नका, नाहीतर कोळसा दोनदा मोजला जाईल.

जलविद्युत आणि अणुऊर्जा इथे मुलं हमखास अडतात, मोठी माणसंही. कोयनेचं पाणी पोफळीला वीज करून वाशिष्ठीला मिळतं. प्रचलित पद्धतीत जलविद्युत तयार झालेल्या विजेइतकीच धरतात. अणुऊर्जेत मात्र अणुभट्टीची उष्णता मोजतात, म्हणजे विजेच्या साधारण तिप्पट. जैतापूरचा प्रस्तावित अणुऊर्जा प्रकल्प उद्या आकृतीत आलाच, तर त्याचा पट्टा तितक्याच जलविद्युतीपेक्षा तिप्पट रुंद दिसेल, घरांना मिळणारी वीज सारखी असली तरी. कोणती पद्धत वापरली ते चित्राखाली लिहाच.

आणि चूल. आमच्याकडे अंघोळीचं पाणी अजून कित्येक घरांत झावळ्या आणि काटक्यांवर तापतं. सांख्यिकी कार्यालयाच्या मुख्य ताळेबंदात या लाकूडफाट्याचा रकाना नसतो, आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था मात्र तो धरते. दोन्हींचे एकूण आकडे जुळत नाहीत, त्याचं हे एक मोठं कारण. मी लाकडाचा पट्टा वेगळ्या रंगात काढते आणि तो कुठल्या आकडेवारीतून घेतला ते शेजारी नोंदवते. तो गाळला तर पहाटे उठून चूल पेटवणारी बाई देशाच्या हिशेबात दिसतच नाही, आणि हे मला मुळीच मान्य नाही.

हाताने एकदा जमलं की संगणकावर सँकीमॅटिक हे संकेतस्थळ वापरा, फुकट आहे. ‘कोळसा [120] वीजकेंद्र’ अशी एकेक ओळ लिहायची, पट्टे ते स्वतः काढतं. मग प्रत्येक थांब्यावर आत आलेली आणि बाहेर गेलेली बेरीज ताडून पाहा. फरक आलाच तर रुंदी ओढूनताणून जुळवू नका. ताळेबंदात ‘सांख्यिकीय तफावत’ अशी ओळ असते, तिचा राखाडी पट्टा काढा.