वर्गात वारली शिकवताय? मग या चुका टाळा

चित्रकलेच्या तासाला वारली म्हटलं की बहुतेक शाळांत एकच प्रकार, सर फळ्यावर तारपा नाच (तारपा वाद्य वाजवणाऱ्याभोवती फेर धरून केलेला नाच) काढतात, पोरं बघून बघून उतरवतात आणि वर्गभर सेम टू सेम चित्रं. सगळ्यात मोठी चूक हीच आहे. टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण म्हणजे माणूस, एवढं सांगा, एकदोन माणसं काढून दाखवा आणि फळा पुसून टाका. विषय पोरांच्या रोजच्या बघण्यातला द्या, एसटी स्टँड, विसर्जन मिरवणूक, सोसायटीत आलेला पाण्याचा टँकर. "सर, यात मोबाईल काढला तर चालेल?" असं कोणी विचारलं तर बिनधास्त हो म्हणा, आजचे वारली चित्रकारही आगगाड्या नि मोटारी काढतातच की.

माणसं खांबासारखी ताठ येतायत? मग पट्टी आधी काढून घ्या. ते दोन त्रिकोण कमरेत जिथे भेटतात ना, सगळी गंमत तिथे आहे, वरचा पुढे झुकवला की बाई भात लावायला वाकली, मागे कलला की माणूस नाचायला लागला. पोरांना स्वतः उठून वाकून बघायला लावा, मग काढू द्या, फरक लगेच दिसतो.

आता मला जास्त खटकणारी गोष्ट. हे चित्र कोणाचं हे कोणी सांगतच नाही, किंवा "पूर्वी आदिवासी काढायचे" असं म्हणून मोकळे होतात. अहो, डहाणू, तलासरी, जव्हारकडे वारली लोक आजही काढतात! लग्नघरात सुवासिनी भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहितात, त्यात पालघाट देवी असते आणि परंपरेने त्या चौकाशिवाय लग्न लागत नाही. म्हणून तो देवीचा चौक पेनस्टँडवर डिझाइन म्हणून काढायला देऊ नका, प्लीज. जिव्या सोमा म्हसे हे नाव तरी मुलांना माहीत हवं, लग्नापुरती भिंतीवर बायका काढत ती कला त्यांनी कागदावर, कॅनव्हासवर नेली, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले.

सामानाचं म्हणाल तर काळा कागद आणि जेल पेन सोपं पडतं, पण एकदा तरी पार्श्वभूमीला गेरू आणि पांढऱ्या रंगाला तांदळाचं पीठ वापराच. गेरू हाताला लागत असेल तर त्यात थोडं फेव्हिकॉल घाला. पांढरा रंग सुकून पोपडे निघतात त्याचं कारण बहुतेक वेळा असं असतं की पिठाचा रंग ओला असताना फिका दिसतो, सुकल्यावर उठतो, पण पोरांना धीर नसतो, ती थरावर थर देत बसतात. थोडा डिंक मिसळा, पीठ वस्त्रगाळ घ्या आणि पहिला थर सुकेपर्यंत थांबायला सांगा. ब्रशऐवजी टोक ठेचलेली बांबूची काडी द्या, रेघ जाडबारीक होते, होऊ दे.

आणि मार्क देताना सफाईदार कॉपीपेक्षा ज्याच्या चित्रात त्याची स्वतःची गल्ली ओळखू येते त्याला जास्त द्या.