पुरात मोबाइल बंद पडले की हॅम रेडिओवरून निरोप कसे पोचवायचे

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी शिरलं, लाइट गेली आणि मग मोबाइलपण गेले, मुंबई-पुण्यातल्या कितीतरी लोकांना आपले आईबाबा वरच्या मजल्यावर पोचले की नाही तेच कळत नव्हतं. टॉवरला वीज लागते, डिझेल लागतं, केबल लागते. हॅमच्या, म्हणजे लायसन्स घेऊन हौसेने रेडिओ चालवणाऱ्या माणसाच्या, सेटला बॅटरी आणि वायर मिळाली की झालं, म्हणून माझं म्हणणं आहे की कोकणात आणि कृष्णा-पंचगंगेच्या काठी प्रत्येक तालुक्यात दोन-चार तरी हॅम पाहिजेतच.

सुरुवात लायसन्सपासून. वय १२ पूर्ण पाहिजे, दूरसंचार विभागाची परीक्षा असते, अर्ज सरल संचार पोर्टलवर. रिस्ट्रिक्टेड ग्रेडच्या (सुरुवातीच्या पातळीच्या) लायसन्सला मोर्स कोड, म्हणजे टिक-टिकची भाषा, लागत नाही, त्यामुळे नवीन माणसाने तिथूनच सुरू करावं, कॉलसाइन (हवेवरची आपली ओळख) व्हीयू३ ने सुरू होणारा मिळतो. ऑनलाइन स्वस्तात वॉकीटॉकी मिळतात त्या लायसन्स नसताना घेऊन बोलायला लागू नका, ते बेकायदेशीर तर आहेच आणि ऐन वेळी भलत्याच चॅनलवर गोंधळ होतो.

आता सेट. हातातला ५ वॅटचा हँडी गावातल्या गावात, पुराच्या पाण्यापलीकडे बोलायला मस्त आहे, पण त्याच्या व्हीएचएफ (कमी लांबीच्या) लहरी साधारण नजरेच्या रेषेत चालतात, डोंगर आडवा आला की संपलं. उंचावर रिपीटर (सिग्नल घेऊन पुढे पाठवणारा सेट) असेल तर प्रश्न सुटतो, पण त्याची वीजसुद्धा जाऊ शकते, त्यावर भिस्त ठेवू नका. चिपळुणातून कुंभार्ली घाटापलीकडे कराडला बोलायचं तर एचएफ (लांब लहरींचा सेट) लागतं, ४० मीटर बँड, म्हणजे साधारण ४० मीटर लांबीच्या लहरी. त्याची अँटेना कुणालाही बनवता येते, साध्या तांब्याच्या वायरचे साधारण १०-१० मीटरचे दोन तुकडे, मधे कोॲक्स (सेटकडे जाणारी केबल), झाला डायपोल. आणि इथे एक गोष्ट लक्षात घ्या, लांबच्या देशांशी बोलायला अँटेना उंच लावतात, पण आपल्याला जवळच्या जिल्ह्यात बोलायचंय, म्हणून ती मुद्दाम खाली, ४-५ मीटरवरच बांधायची. मग सिग्नल सरळ वर जातो आणि आयनोस्फिअरवरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) कारंज्यासारखा चहूबाजूंनी खाली येतो, मधे सह्याद्री असला तरी फरक पडत नाही, दोन-तीनशे किलोमीटर आरामात. रात्री ४० मीटरवर जवळचे ऐकू येईनासे झाले तर ८० मीटरवर जा, त्याची वायर दुप्पट लांब, ती आधीच कापून गुंडाळून ठेवा. विजा चमकत असतील तर अँटेनाची केबल सेटमधून काढून टाका, तेव्हा बोलायचं नाही.

बॅटरीचं गणित लोक विसरतात. १०० वॅटचा एचएफ सेट बोलताना २० अँपिअरच्या आसपास खातो, स्कूटरची बॅटरी त्याला पुरणार नाही, म्हणून पॉवर २०-२५ वॅटवर आणा, जास्त ऐका, कमी बोला. गाडीची बॅटरी असेल तर उत्तम.

पण खरं काम निरोपाचं आहे, आणि ते शिकायला सेट पण लागत नाही. निरोप आधी कागदावर लिहायचा, नंबर टाकायचा, वेळ २४ तासांच्या घड्याळाची, कुणाकडून, कुणाला, किती तातडीचा, मग मजकूर. उदाहरणार्थ, "निरोप ७, वेळ १४२०, अतितातडी, शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर १ गरोदर बाई, महिना ८ वा, कळा सुरू, बोट पाहिजे". लिहिलंय तेवढंच वाचायचं, आपल्या मनाची भर घालायची नाही, समोरच्याने पूर्ण परत वाचून दाखवल्याशिवाय सोडायचं नाही. आकडे एकेक करून बोला, कारण खरखरीत एकोणसाठ आणि एकोणसत्तर एकच ऐकू येतं, सात आणि साठचंही तेच, "पाच नऊ" म्हटलं की विषय संपला. गावाच्या नावासोबत तालुका सांगा, एकाच नावाची गावं आणि वाड्या ढीगभर आहेत. नाव कळलं नाही तर "क कमळातला" करून सांगा, इथे लाजायचं कारण नाही. आणि हे सगळं उघड्यावर चाललेलं असतं, कुणीही ऐकू शकतं, त्यामुळे मृतांची नावं हवेवर घ्यायची नाहीत.

नेटवर (एकाच फ्रिक्वेन्सीवर जमलेल्या हॅमच्या गटात) एकच जण कंट्रोल असतो, त्याने बोलावलं की बोलायचं, नसेल बोलावलं तर ऐकत बसायचं, अतितातडी असेल तरच मधे "ब्रेक". आपल्या भागात इमर्जन्सीसाठी ७.११० मेगाहर्ट्झ ठरलेली आहे, तिथे कान ठेवा, एरवी पण ती मोकळी राहू द्या.

एक मात्र पक्कं, स्वतःहून पाण्यात धावायचं नाही. पावसाळ्याआधीच जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात जाऊन भेटा (१०७७ त्यांचाच नंबर), तहसीलदारांना, पोलीस पाटलांना ओळख द्या, कॉलसाइन आणि सेट कुठे बसणार ते लिहून द्या. २००४ च्या त्सुनामीत हॅम असलेल्या भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरहून निरोप पाठवू शकल्या कारण हॅमच्याच मोहिमेसाठी त्या आधीपासून तिथे होत्या, सेट लावून तयार होता. पाणी चढल्यावर ओळख काढत बसायला कुणाकडे वेळ नसतो.

सराव म्हणून मे महिन्यात एक रविवार ठरवा, घरातला मेन स्विच बंद, मोबाइल बंद, फक्त बॅटरीवर सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, दोघांनी एकमेकांना लिखित निरोप पाठवायचे आणि संध्याकाळी दोन्हीकडचे कागद शेजारी ठेवून शब्दन् शब्द जुळवायचा. जिथे जुळणार नाही तिथे पेनने गोल करा आणि पुढच्या रविवारी तोच निरोप परत पाठवा.