आधी पाय, मग पास, शेवटी बास्केट : बास्केटबॉल शिकण्याचा क्रम

बास्केटबॉल शिकायला पहिल्यांदाच आलेला मुलगा चेंडू हाती पडताच काय करतो, हे कोणत्याही कोर्टाच्या कडेला दहा मिनिटे उभे राहिले तर कळते. एक तर तो मान खाली घालून चेंडू आपटत रिंगकडे धावत सुटतो, नाहीतर तीन गुणांच्या रेषेबाहेरून, दोन्ही हातांनी, कमरेपासून चेंडू भिरकावतो. दोन्ही गोष्टी स्वाभाविक असल्या तरी शिकण्याच्या दृष्टीने उलट्या आहेत. हा खेळ ज्या क्रमाने घडला, जवळपास त्याच क्रमाने तो शिकावा, असे माझे मत आहे. म्हणून त्याच्या जन्माची हकिगत आधी सांगतो.

इतर बहुतेक खेळ पिढ्यान्‌पिढ्या खेळले जाता जाता आकाराला आले. बास्केटबॉल मात्र एका माणसाने ठरवून, मुदतीत तयार केला. 1891 सालच्या हिवाळ्यात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड येथे वायएमसीए (यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन) या संस्थेच्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ हा तीस वर्षांचा कॅनेडियन शिक्षक शिकवत होता. बाहेर बर्फ असल्यामुळे फुटबॉल बंद होता आणि बंदिस्त व्यायामशाळेतल्या कवायतीला अठरा जणांचा एक वर्ग पुरता कंटाळला होता. विभागप्रमुख ल्यूथर गुलिक यांनी नेस्मिथला चौदा दिवसांची मुदत देऊन छताखाली खेळता येईल असा नवा खेळ शोधायला सांगितले.

नेस्मिथने प्रथम मैदानी खेळच आत आणून पाहिले. ते जमेनात, तेव्हा त्याने खेळांची चिरफाड केली. रग्बीत किंवा अमेरिकन फुटबॉलमध्ये धसमुसळेपणा का होतो? चेंडू घेऊन धावणाऱ्याला अडवायचे तर त्याला पाडावेच लागते म्हणून. मग चेंडू घेऊन धावण्यासच मनाई केली, तर पाडण्याचे कारणच उरत नाही. दुसरा प्रश्न गोलाचा होता. गोल समोर उभा असेल, तर चेंडू जितका जोरात मारावा तितका फायदा आणि चिंचोळ्या जागेत तितकाच धोका. त्याला लहानपणी कॅनडात खेळलेला एक खेळ आठवला. मोठ्या खडकावर ठेवलेला दगड लांबून दुसऱ्या दगडाने उडवायचा, असा तो खेळ; आपल्या लगोरीचा लांबचा भाऊ म्हणता येईल. त्यात सरळ जोरात फेकणाऱ्याचा नेम चुकला की दगड दूर जाऊन पडे, आणि तो आणीपर्यंत गडी बाद होई. अलगद, कमान करून फेकणारा मात्र टिके. गोल आडवा करून डोक्याच्या वर नेला, की सगळ्यांना अलगदच फेकावे लागेल, हे उत्तर त्याला तिथे सापडले.

चौकोनी खोकी मागितली, तर शिपायाने पीच फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. त्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा जमिनीपासून दहा फुटांवर होता. रिंगची उंची आजही तेवढीच, म्हणजे 3.05 मीटर आहे. जगभरच्या खेळाडूंच्या उड्यांचे माप एका सुताराने बांधलेल्या सज्जाने ठरवले, ही गंमत मला नेहमी वाटते. तेरा नियम लिहून भिंतीवर लावले गेले आणि 21 डिसेंबर 1891 रोजी नऊ-नऊ जणांचे दोन संघ फुटबॉलचाच चेंडू घेऊन खेळले. विल्यम चेस याने केलेला एकच गोल त्या दिवशी झाला, आणि टोपलीला बूड असल्यामुळे चेंडू शिडी लावून काढावा लागला. सज्जावरचे प्रेक्षक हात घालून चेंडू ढकलू लागले, म्हणून पुढे टोपलीमागे बोर्ड आला, आणि बोर्डावरून चेंडू परत येऊ लागल्यामुळे रिबाउंड हे नवे कौशल्य जन्मले.

वायएमसीएच्याच जाळ्यातून हा खेळ भारतात पोहोचला. मुंबईच्या नागपाड्याने त्याला इतके आपले मानले, की अब्बास मुंतासिर यांच्यासारखा भारताचा कर्णधार आणि अर्जुन पुरस्काराचा मानकरी त्याच वस्तीतून घडला.

साहित्याविषयी थोडक्यात : पुरुषांचा चेंडू 7 क्रमांकाचा, महिलांचा 6 क्रमांकाचा आणि बारा वर्षांखालील मुलांचा 5 क्रमांकाचा असतो. लहान मुलांसाठी शक्य असेल तेथे रिंग 2.60 मीटरवर आणावी, कारण हात न पुरणारे मूल चेंडू खांद्यावरून गोळाफेकीसारखा ढकलू लागते आणि ती सवय पुढे सुटत नाही. हवा तपासण्यासाठी चेंडू डोक्याच्या उंचीवरून सोडावा. तो कमरेच्या थोडा वर आला म्हणजे ठीक. बूट घोट्याशी सैल नसावेत.

पाय

चेंडू घेऊन धावायचे नाही, या एका मनाईतून पिव्हट निघाला. उभ्या खेळाडूच्या हाती चेंडू आला, की त्याचा एक पाय खुंटीसारखा जागेवर राहतो आणि दुसऱ्या पायाने तो हव्या त्या दिशेला कितीही वेळा फिरू शकतो. फिरताना टाच किंचित उचललेली असावी आणि भार चवड्यावर असावा. टाचेवर फिरणाऱ्याचा तोल जातो. गुडघे वाकलेले, पाठ सरळ, पावलांत खांद्याएवढे अंतर आणि चेंडू छातीशी, कोपरे थोडी बाहेर : या पवित्र्यातून पास, शॉट आणि ड्रिबल (चेंडूचे टप्पे मारत पुढे जाणे) हे तिन्ही पर्याय खुले राहतात, आणि समोरच्याला त्यांपैकी काय येणार हे कळत नाही.

नवख्याची सर्वाधिक ट्रॅव्हलिंग, म्हणजे चेंडू हातात असताना पाय नियमाबाहेर हलवण्याची चूक, येथेच होते, कारण नियमातला एक बारकावा कोणी नीट सांगितलेला नसतो. पास द्यायचा किंवा शॉट मारायचा असेल, तर रोवलेला पाय उचलता येतो, मात्र तो पुन्हा जमिनीला टेकण्यापूर्वी चेंडू हातातून सुटला पाहिजे. ड्रिबल सुरू करायचे असेल, तर उलटे : आधी चेंडू हातातून सुटला पाहिजे, पाय मागाहून उचलायचा. हा फरक पायांत मुरेपर्यंत रोज पाच मिनिटे निव्वळ पिव्हट करावा. चेंडूवाचूनही चालतो, आणि घराच्या ओसरीतही जमतो.

पास

मूळच्या तेरा नियमांत ड्रिबलिंगचा शब्दही नाही. चेंडू जेथे हाती येईल तेथूनच फेकायचा, एवढीच सोय होती. म्हणजे पहिली काही वर्षे हा निव्वळ पासचा खेळ होता. आजही चेंडू माणसापेक्षा वेगाने जातो.

छातीपासून दिला जाणारा चेस्ट पास पहिला शिकावा. चेंडूच्या दोन्ही बाजूंना बोटे पसरावीत, अंगठे मागे असावेत, एक पाऊल पुढे टाकत हात सरळ करावेत आणि शेवटी मनगटे अशी झटकावीत की तळवे बाहेरच्या बाजूला व अंगठे जमिनीकडे वळतील. त्या झटक्याने चेंडूला उलटी फिरकी मिळते व तो घेणाऱ्याच्या हातात मऊ बसतो. मध्ये प्रतिस्पर्धी उभा असेल, तर हीच क्रिया करून चेंडू जमिनीवर आपटून द्यावा. टप्पा घेणाऱ्यापर्यंतच्या अंतराच्या दोन-तृतीयांशावर पडला, की चेंडू त्याच्या कमरेशी येतो. पास घेणाऱ्याचेही काम असते. त्याने हात दाखवून चेंडू मागावा, चेंडूकडे एक पाऊल जावे आणि चेंडू बोटांच्या पेरांत झेलावा. जो जागेवर थांबून वाट पाहतो, त्याचा पास मधल्यामध्ये पळवला जातो आणि दोष मात्र देणाऱ्याला लागतो.

टप्पा

ड्रिबलिंग ही खेळाडूंनी शोधलेली पळवाट. कोंडीत सापडलेला खेळाडू चेंडू स्वतःच जमिनीवर टाकून पुन्हा पकडू लागला, आणि त्यातून एक कला उभी राहिली. मात्र ती पळवाट आहे, हे विसरू नये : पास शक्य असताना टप्पे मारत राहणे म्हणजे सोबतच्या चौघांना प्रेक्षक करणे होय.

चेंडू थापटायचा नसतो, ढकलायचा असतो. बोटे पसरून पेरांनी चेंडूला स्पर्श करावा, तळव्याचा मधला खळगा रिकामा राहावा, आणि चेंडू वर येताना मनगटाने त्याच्याबरोबर थोडे वर येऊन मग त्याला खाली दाबावे. कोणी अंगावर असेल तेव्हा टप्पा गुडघ्याएवढाच ठेवावा आणि मोकळा हात व खांदा यांची आड करावी. मोकळ्या कोर्टावर धावताना तो कमरेपर्यंत येऊ द्यावा. नजर चेंडूवर नसावी, हे सांगणे सोपे आहे. त्यासाठी एक जुनी युक्ती उपयोगी पडते : समोर उभ्या सोबत्याने मधूनमधून बोटे दाखवावीत आणि टप्पे न थांबवता ती किती हे मोठ्याने सांगावे. सरावाचा अर्धा वेळ डाव्या, म्हणजे कमकुवत, हाताला द्यावा. एकदा चेंडू दोन्ही हातांत धरला, की पुन्हा टप्पा मारता येत नाही. तसे केल्यास डबल ड्रिबल होऊन चेंडू दुसऱ्या संघाकडे जातो.

लेअप आणि शॉट

शॉटची सुरुवात रिंगखालून, म्हणजे लेअपने करावी : धावत येऊन, उडी मारून, अगदी जवळून चेंडू आत टाकणे. धावत येणाऱ्या खेळाडूला चेंडू हातात घेतल्यावर दोन पावले मिळतात. चेंडू ताब्यात येण्याच्या क्षणी जो पाय जमिनीवर असतो, तो त्यांत मोजला जात नाही. उजव्या बाजूने जाताना पहिले पाऊल उजवे व लांब, दुसरे डावे व आखूड, डाव्या पायावरून उडी, आणि त्याच वेळी उजवा गुडघा उजव्या हाताबरोबर वर जातो, जणू दोहोंना एकच दोरी बांधलेली आहे. चेंडू रिंगकडे न फेकता बोर्डावरील छोट्या चौकोनाच्या आपल्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यावर अलगद ठेवावा. डाव्या बाजूने सगळे उलट. पावले गोंधळत असतील, तर हे शेवटाकडून शिकावे : आधी रिंगजवळ डाव्या पायावर उभे राहून नुसती उडी, मग एक पाऊल, मग दोन, आणि सर्वांत शेवटी टप्पा मारत येणे.

उभ्याने मारायच्या शॉटमध्ये नेस्मिथच्या त्या आडव्या गोलाचा हिशेब मांडून पाहावा. रिंगचा व्यास 45 सेंटिमीटर आणि 7 क्रमांकाच्या चेंडूचा सुमारे 24 सेंटिमीटर. चेंडू वरून सरळ पडला, तर जवळपास चेंडूएवढीच जागा शिल्लक राहते. पण तो जमिनीशी 30 अंशांचा कोन करत चपटा आला, तर त्याच्या वाटेवरून पाहता रिंगचे तोंड अवघे साडेबावीस सेंटिमीटर उरते, म्हणजे कडेला न लागता आत जाणे अशक्यच. 45 अंशांवर हेच तोंड सुमारे 32 सेंटिमीटर होते. कमान हवी, असे प्रशिक्षक का ओरडत असतात, त्याचे कारण एवढेच आहे.

1930च्या दशकापर्यंत शॉट बहुधा दोन्ही हातांनी मारला जाई; स्टॅनफर्ड विद्यापीठाचा हँक लुइसेट्टी याने धावत एका हाताने शॉट मारून 1936 मध्ये न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांना चकित केले, आणि हळूहळू सर्वांनीच तसे करायला सुरुवात केली. उजव्या हाताच्या खेळाडूने उजवे पाऊल किंचित पुढे ठेवून दोन्ही पावले रिंगकडे वळवावीत. चेंडू उजव्या हाताच्या बोटांवर, कोपर त्याच्या बरोबर खाली, मनगट मागे मोडलेले. डावा हात चेंडूच्या कडेला केवळ आधाराला. जोर गुडघ्यांतून वर यावा, हात वर आणि पुढे सरळ व्हावा, चेंडू शेवटी तर्जनी व मधल्या बोटावरून सुटावा आणि मनगट खाली झुकलेले तसेच राहावे, जोवर चेंडू रिंगला पोहोचत नाही तोवर. डाव्या हाताचा अंगठा चेंडूला ढकलत असेल, तर शॉट सतत एका बाजूला जातो. तसे होत असल्यास काही दिवस डावा हात पूर्णपणे काढून, रिंगपासून एक मीटरवरून, एका हातानेच मारावे. सलग पाच शॉट आत गेले, की एक पाऊल मागे. अशा रीतीने फ्री थ्रोच्या (फाउलनंतर मिळणाऱ्या, कोणी न अडवता मारायच्या शॉटच्या) रेषेपर्यंत, म्हणजे बोर्डापासून 4.60 मीटरवर, पोहोचायला बरेच आठवडे लागतात. 6.75 मीटरची तीन गुणांची रेषा त्यानंतरची.

आपल्याकडच्या अनेक कोर्टांवर रिंगला जाळीच नसते. मी अशाच रिंगवर शिकलो, आणि चेंडू आत गेला की बाहेरून, यावर संध्याकाळ अंधारेपर्यंत भांडलो. जमल्यास जाळी आधी लावून घ्यावी.

बचाव आणि रिबाउंड

बचावाचा पवित्रा आट्यापाट्या खेळलेल्याला वेगळा शिकवावा लागत नाही. पाटी धरणारा गडी जसा वाकून, हात पसरून, पाय एकमेकांवर न टाकता आडवा सरकतो, तसेच येथेही प्रतिस्पर्धी आणि रिंग यांच्या मध्ये राहून सरकायचे असते. नजर त्याच्या कमरेवर ठेवावी. डोळे आणि चेंडू फसवतात, कमर फसवत नाही. हात चेंडूकडे जावेत, शरीराकडे नव्हे, कारण पाचव्या फाउलला खेळाडू बाहेर जातो. रिबाउंडला आधी उडी मारू नये. शॉट सुटताच आपल्या प्रतिस्पर्ध्याला पाठीवर घ्यावे, वाकून जागा अडवावी, मग चेंडूकडे झेपावावे, आणि तो दोन्ही हातांनी हनुवटीखाली ओढून घ्यावा.

सरावाच्या शेवटी दहा मिनिटे अर्ध्या कोर्टावर टप्प्याविना सामना खेळावा. ड्रिबलिंगला पूर्ण बंदी असावी, जो चेंडू आपटेल त्याच्या संघाने चेंडू द्यावा, आणि गोल केवळ रिंगखालून धरावा. पहिल्या दिवशी सगळे चेंडूभोवती गोळा होतात आणि पास द्यायला कोणी सापडत नाही. आठवड्याभरात कोणीतरी एक जण चेंडूपासून दूर, मोकळ्या कोपऱ्याकडे पळून हात वर करतो. त्या क्षणी सामना थांबवून बाकीच्यांना तो कुठे उभा आहे, ते दाखवावे.